शंभर रुपयांची कपात

रात्री नऊ चाळीसला सभापतींनी पुकारली
नदी परिवहन खात्याची मागणी.
बाकांवर अर्धी माणसं, अर्ध्या फायली,
चहाचा तिसरा फेरा होऊन गेलेला.
माझी पाळी लागली.
सभागृहात बोललं जाईल ते उतरून घ्यायचं,
जे बोललं जात नाही ते घ्यायचं नाही,
एवढंच या नोकरीचं व्याकरण.

विरोधी बाकावरून आव्हेलिनो कुलासो उठले,
चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
या मागणीतून शंभर रुपये कमी करण्यात यावेत.
कोटींतून शंभर!
गॅलरीत बसलेली कॉलेजची पोरं हसली.
त्यांना कोणी सांगितलं नव्हतं
की इथे शंभर रुपये म्हणजे पैसे नसतात,
चिमटा असतो,
सरकारच्या दंडाला नियमानुसार काढलेला,
वळ उठणार नाही इतपतच.

कुलासोंनी विचारलं:
फेरीबोटींना वर्षाचं डिझेल किती, तिकिटांचे जमले किती,
गोदीत गंजत पडलेल्या बोटी किती,
आणि पेट्रोलपासून काडेपेटीपर्यंत कर भरणारा चोडणचा माणूस
मध्यरात्री छातीत कळ येऊन धक्क्यावर बसला
तर तो कुठल्या लेखाशीर्षाखाली मरतो?

शेवटचं वाक्य कामकाजातून काढून टाकण्यात आलं.
मी ते उतरून घेतलं होतं.
काढून टाकलं.

मंत्री म्हणाले, माहिती गोळा करण्यात येत आहे.
मग म्हणाले, तरी एवढं सांगतो,
एक माणूस एकदा पलीकडे न्यायचा
तर खात्याला पदरचे अठरा रुपये पडतात.

बोटं चालत राहिली, मी थांबले.
अठरा दुणे छत्तीस, रोजचे,
रविवार, चतुर्थी, नाताळ वजा करून
बावीस वर्षं.
म्हणजे अर्थसंकल्पाच्या पुस्तकात पान चौऱ्याऐंशीवर
जी तूट दाखवतात
ती मी.
डब्याची पिशवी खांद्याला लावून
सकाळी आठ दहाला पोंबुर्प्याच्या धक्क्यावर उतरणारी,
पावसाळ्यात रेनकोटातली तूट.

बाजूने असतील त्यांनी होय म्हणावे.
विरोधात असतील त्यांनी नाही.
नाही मोठ्याने आलं.
कपात सूचना अमान्य.
शंभर रुपये होते तिथेच राहिले.

शेवटची बोट अकराची.
पर्वरीहून निघाले तेव्हाच अकरा वाजलेले.
धक्क्याचं वळण घेतलं आणि बघते तर
रॅम्प खाली, दिवा पिवळा,
इंजिन धडधडतंय, आत एक मासेवाला आणि त्याच्या रिकाम्या टोपल्या.
दुलो खलाशी दोर हातात धरून उभा.
'मोबायलार चालूच आशिल्लें तुमचें,' म्हणाला,
'म्हूण रावलों.'

पंचवीस मिनिटं.
बोट सुटल्यावर त्याने टाकीत गज बुडवला,
टॉर्चच्या उजेडात ओली खूण बघितली,
वही उघडून लिहिलं:
विलंब, कारण ओहोटी.

पाणी तर धक्क्याच्या वरच्या पायरीला लागून होतं.
पूर्ण भरती, खारफुटीच्या गळ्यापर्यंत आलेली.
शब्दाला शब्द लावून पोट भरणारी मी
काळोखात दुसरीकडे बघत राहिले.

कधीतरी एक लेखापरीक्षक येईल,
भरती-ओहोटीचं कोष्टक शेजारी ठेवून वही चाळेल
आणि त्या ओळीपाशी पेन्सिल थांबवेल.
थांबवावीच त्याने.
कुलासो त्यासाठीच तर घसा कोरडा करतात.
मला बोलावलं तर मी काय सांगेन
ते अजून ठरत नाही.

नदीच्या मध्यावर दुलोने स्कूटरचे दहा रुपये मागितले.
दिले.
त्याने तिकीट फाडलं, नंबर बघितला,
आणि माझ्या हातात दिलं.